मंगळावरची घळ बघून ती कोणी कोरली हे कसं ओळखायचं

मंगळाचा एखादा फोटो समोर आला आणि त्यात क्रेटरच्या (उल्का आदळून पडलेल्या खड्ड्याच्या) उतारावरनं ओरखडल्यासारख्या घळी खाली उतरलेल्या दिसल्या की आपण पहिलं काय म्हणतो, अरे इथे पाणी वाहिलं असणार! मी पण बरीच वर्षं तेच म्हणायचो. डोळ्यालाच सवय लागलेली असते, आयुष्यात बघितलेली जवळपास प्रत्येक घळ पावसाने नाहीतर ओढ्याने केलेली असते, त्यामुळे दुसरं काही सुचतच नाही. पण खडकाळ ग्रहांवर चर पाडणारे बरेच जण आहेत. पाणी त्यातलं एक, मग लाव्हा आहे, नुसती कोरडी वाळू आहे, कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड आहे, आणि काही ठिकाणी तर कोणी कोरलेलंच नाहीये, जमीन फाटलीय किंवा खाली बसलीय.

गोची अशी की मधल्या भागात हे सगळे एकमेकांसारखेच दिसतात. वळणं पाण्यालाही येतात, लाव्हालाही येतात. त्यामुळे मधला चर बघत बसू नका, तो फसवतो. बघायचं ते चराचं डोकं, चराची शेपूट आणि दोघांमधला उतार. खाली सगळं जे लिहिलंय ते या तीन गोष्टींभोवतीच फिरतं, फक्त कुठे काय बघायचं आणि कुठे मी स्वतः तोंडावर आपटलोय ते जरा सविस्तर सांगतो.

पायरी १: आधी योग्य फोटो घ्या

सोशल मीडियावर फिरणारा, कोणीतरी रंग भडक केलेला फोटो घेऊन काही होणार नाही. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान २००६ पासून मंगळाभोवती फिरतंय आणि त्यावरचे दोन कॅमेरे आपल्या कामाचे. सीटीएक्स हा रुंद पट्टा टिपतो, साधारण ३० किलोमीटर, आणि त्यात एक पिक्सेल म्हणजे सुमारे ६ मीटर. हायराइज अरुंद पट्टा टिपतो, जेमतेम ६ किलोमीटर, पण एक पिक्सेल २५-३० सेंटीमीटर, म्हणजे टेबलाएवढा दगडसुद्धा दिसतो. दोन्हीचे फोटो फुकट आहेत. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचं जेमार्स नावाचं सॉफ्टवेअर पण फुकट आहे, त्यात नकाशावर क्लिक करून कुठले फोटो उपलब्ध आहेत ते दिसतं.

नेहमी आधी सीटीएक्स उघडा, मग हायराइज. उलटं केलं की झाडं दिसतात आणि जंगल दिसत नाही, मी सुरुवातीला तासन्‌तास एका घळीचे दगड बघत बसायचो आणि ती घळ एका मोठ्या फाटलेल्या पट्ट्याच्या काठावर आहे हे कळायचंच नाही.

हायराइजच्या फोटोच्या नावात एक गंमत आहे. नावाच्या शेवटी चार आकडे असतात, ते जागेचा अक्षांश सांगतात. १८०० म्हणजे विषुववृत्त, त्यापेक्षा कमी म्हणजे दक्षिणेला, जास्त म्हणजे उत्तरेला. शेवटी १२५५ असेल तर १८०० मधनं १२५५ वजा करा, ५४५ उरले, दहाने भागा, साधारण ५४.५ अंश दक्षिण. फोटो उघडायच्या आधीच कुठला प्रदेश आहे ते कळतं, आणि घळींच्या बाबतीत अक्षांश ही अर्धी माहिती आहे (का ते पायरी ६ मध्ये).

पायरी २: खड्डा आहे का उंचवटा, हे आधी ठरवा

हसू नका. वरनं घेतलेल्या फोटोत मेंदू सर्रास उलटं वाचतो, क्रेटर फुगलेला दिसतो आणि चर बांधासारखा दिसतो. मेंदू गृहीत धरतो की उजेड वरनं येतोय. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर बहुतेक फोटो तिथल्या दुपारी तीनच्या सुमाराला काढतं, म्हणजे सूर्य पश्चिमेकडे असतो, म्हणजे उत्तर वर ठेवलेल्या फोटोत उजेड डावीकडनं. तर एक खात्रीचा लहान क्रेटर शोधा, त्याची डावी आतली भिंत सावलीत आणि उजवी उजळ दिसली पाहिजे. आता त्याच नियमाने तुमचा चर तपासा, डावी कड काळी असेल तर तो खरंच खोल आहे.

मी एकदा दोन दिवस एका "नदी"वर नोट्स काढल्या आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तो चर नाहीच, जमिनीतनं वर आलेली लांबलचक कड आहे. पण त्यातही एक वळण आहे, कारण तीही नदीच होती! अशाला उलटी नदी म्हणतात. जुन्या नदीच्या पात्रात गोटे, जाडा गाळ साचतो, तो सिमेंट झाल्यासारखा घट्ट होतो, मग पुढच्या कोट्यवधी वर्षांत वारा आजूबाजूची भुसभुशीत जमीन पोखरून नेतो आणि पात्र तेवढं उंच उरतं. मंगळावर इओलिस डॉर्सा भागात अशा कडा भरपूर आहेत, वळणांसकट. म्हणजे उंचवटा निघाला म्हणून फाइल बंद करू नका, पण आधी उंचवटा आहे हे माहीत तर हवं.

पायरी ३: डोकं बघा

चर जिथे सुरू होतो तिथे जा आणि फुल झूम करा.

फांद्या फुटलेल्या असतील, बारीक चर मोठ्याला मिळतायत, तो अजून मोठ्याला मिळतोय, आणि सगळ्यात बारीक फांद्या अगदी माथ्याच्या कडेपर्यंत टोकदार होत गेल्यायत, तर पाऊस किंवा वितळणारं बर्फ सगळ्या उतारावर पसरून पडत होतं असं समजायला जागा आहे. मंगळाच्या दक्षिणेकडच्या उंच प्रदेशात अशी खोऱ्यांची जाळी आहेत, बहुतेक साडेतीन अब्ज वर्षांपेक्षा जुनी. वॉरेगो व्हॅलेस बघा (व्हॅलिस म्हणजे दरी, व्हॅलेस म्हणजे दऱ्या), पाठ्यपुस्तकातला नदीचा नकाशा वाटतो.

डोकं बोथट, अर्धगोल, उभ्या भिंतीचं असेल आणि फांद्या थोड्या नि आखूड असतील, जसं मंगळावरच्या निर्गल व्हॅलिसमध्ये आहे, तर बरीच वर्षं सगळे म्हणायचे की जमिनीखालचं पाणी झिरपून बाहेर आलं आणि भिंतीचा पाया पोखरत मागे सरकत गेलं. मीही हे डोळे झाकून लिहायचो. पण पृथ्वीवर आयडाहोमध्ये बॉक्स कॅन्यन नावाची अशीच बोथट डोक्याची दरी आहे, तिथे झरेही आहेत, आणि तरी बारकाईने बघितल्यावर माथ्यावर पाण्याने घासल्याच्या खुणा सापडल्या, म्हणजे भेगाळलेल्या बेसॉल्टवरनं आलेल्या महापुराने ती पाडलेली निघाली. तेव्हा बोथट डोकं दिसलं की दोन्ही शक्यता लिहून ठेवा आणि माथ्यावर, डोक्याच्या वरच्या सपाटीवर, ओरखडे दिसतात का ते शोधा.

चर एकदम पूर्ण रुंदीचा सुरू होतोय आणि डोक्याशी ढासळलेल्या ठोकळ्यांचा गोंधळ आहे, तर जमिनीखालनं प्रचंड पाणी एकदम फुटून बाहेर आलं आणि वरचं छप्पर कोसळलं असा प्रकार. एरीस व्हॅलिस याच जातीतला, १९९७ मध्ये पाथफाइंडर यान त्याच्या मुखाशी उतरलं होतं. अशा महापुराच्या चरांमध्ये थेंबाच्या आकाराची बेटं दिसतात, क्रेटर आडवा आला की पाणी दोन्ही बाजूंनी वळतं आणि मागे निमुळती शेपटी उरते. बेटाचं निमुळतं टोक ज्या दिशेला त्या दिशेला प्रवाह. पृथ्वीवर याचं जुळं भावंड अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात आहे. जे हार्लन ब्रेट्झ या भूवैज्ञानिकाने १९२३ मध्ये सांगितलं की हा प्रदेश एका अफाट पुराने खरवडलाय, लोकांनी त्याला वेड्यात काढलं, आणि १९७९ मध्ये नव्वदी ओलांडल्यावर त्याला भूविज्ञानातलं पेनरोज मेडल मिळालं.

डोक्याशी नुसता एक खोल खळगा आहे, फांद्या जवळपास नाहीत आणि चर खाली जाताना अरुंद आणि उथळ होत जातोय? मग लाव्हा. ही खूण पक्की लक्षात ठेवा, कारण नदी खाली जाताना सहसा मोठी होते, तिला बाकीचे ओढे मिळतात. लाव्हाला कोणी मिळत नाही, तो थंड होत जातो आणि दम संपतो. चंद्रावरची हॅडली रिल (रिल म्हणजे लांब अरुंद चर) अशीच, १९७१ मध्ये अपोलो १५ चे स्कॉट आणि आयर्विन तिच्या काठावर जाऊन उभे राहिले होते. शुक्रावर बाल्टिस व्हॅलिस तर सुमारे ६,८०० किलोमीटर लांब आहे, सूर्यमालेत माहीत असलेला सगळ्यात लांब चर, आणि शुक्राच्या पृष्ठभागावर ४६० अंश सेल्सिअस तापमान असल्यामुळे तिथे आजच्या पाण्याचा प्रश्नच मिटला.

आणि डोकंच नाही, दोन्ही कडा सरळ, समांतर, तळ सपाट? मग जमीन ताणली जाऊन मधला पट्टा खाली बसलाय. व्हॅलेस मरिनेरिस, ती ४,००० किलोमीटरची अवाढव्य दरी, मुळात अशाच ताणामुळे उघडलीय. तिला नदीची दरी म्हणणारे व्हिडिओ अजून येतात, काय करणार.

पायरी ४: शेपूट बघा, म्हणजे माल कुठे गेला

चरातनं जे निघालं ते कुठेतरी पडलं पाहिजे. क्रेटरच्या भिंतीवरच्या नेहमीच्या घळीत तीन भाग असतात: वर खोबणीसारखा खचलेला भाग, मध्ये चर, पायथ्याशी पंख्यासारखा पसरलेला ढीग. मायकेल मालिन आणि केनेथ एजेट या शास्त्रज्ञांनी २००० साली मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाच्या फोटोंत या घळी दाखवल्या तेव्हा खळबळ उडाली ती या तिघांच्या जोडीमुळेच, दिसायला अगदी पृथ्वीवरच्या घळीसारख्या, आणि वर क्रेटर जवळपास नाहीत म्हणजे भूवैज्ञानिक हिशेबाने ताज्या.

पंख्यात काय बघायचं: त्यावर परत बारीक चर पडलेत का, एकावर एक थर चढलेत का, बाजूला बांधासारख्या कडा आहेत का. बांध असतील तर चिखल-दगडाचा जाड लोंढा. आणि पंखा जुन्या तळ्याच्या काठाशी थांबलेला, थराथरांचा असेल तर त्रिभुज प्रदेश, जसा ४५ किलोमीटर व्यासाच्या जेझेरो क्रेटरमध्ये आहे, म्हणून तर पर्सिव्हरन्स गाडीला २०२१ मध्ये तिथे उतरवलं. जमिनीवर गाडी असेल तर अजून सोपं. गेल क्रेटरमध्ये क्युरिऑसिटीला २०१२ मध्ये गुळगुळीत गोल गोटे मिळाले, वाऱ्याने उडवता येणार नाहीत एवढे मोठे, आणि त्यावरनं पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत खोल असावं असा अंदाज काढता आला.

आता शेपटीचं सगळ्यात भारी उदाहरण. मघाचा १२५५ आठवतोय? तो रसेल क्रेटरमधल्या अवाढव्य वाळूच्या टेकडीचा फोटो. उतारावर शेकडो बारीक चर, काही दोनेक किलोमीटर लांब, वरपासनं खालपर्यंत रुंदी जवळपास तेवढीच, दोन्ही बाजूंना बारीक बांध, आणि खाली... काही नाही. पंखा नाही, ढीग नाही. चर एका गोल खळग्यात संपतो, आणि कधी शेजारी अजून एक-दोन सुटे खळगे. पाण्याने दोन किलोमीटर चर खणला तर वाळू कुठे गेली? कुठेच गेली नाही, बाजूला सारली गेली. हिवाळ्यात टेकडीवर कोरडा बर्फ जमतो, वसंतात त्याचे ठोकळे सुटतात, वाळू त्या मानाने गरम असते त्यामुळे ठोकळ्याच्या खालची बाजू थेट गॅस होते आणि ठोकळा त्या गॅसच्या गादीवर तरंगत घसरत खाली येतो, वाळू दोन्हीकडे ढकलत. खाली पोचून थांबतो, तिथेच विरून जातो, खळगा उरतो. पृथ्वीवरच्या वाळूच्या टेकड्यांवर कोरड्या बर्फाचे ठोकळे खरोखर सोडून हे करून बघितलंय आणि ते मस्त घसरतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी परत जाऊन जुने सगळे फोटो उघडले होते.

पायरी ५: उतार मोजा

ही पायरी लोक टाळतात आणि इथेच निकाल लागतो. कोरडी वाळू साधारण ३० अंशांच्या वरच्या उतारावर घसरते आणि उतार २५ च्या खाली गेला की बहुतेक थांबते. त्यामुळे माल किती सपाट जागेपर्यंत पोचला हे विचारायचं.

मोठ्या खोऱ्यांसाठी जेमार्समध्ये लेसरने मोजलेल्या उंचीचा मोला नकाशा आहे, पण त्याची जाळी साधारण अर्ध्या किलोमीटरची, घळ त्यात हरवते. घळीसाठी हायराइजच्या दोन फोटोंवरनं बनवलेलं उंचीचं मॉडेल लागतं, सगळीकडचं नसतं, जिथलं आहे तिथली घळ निवडा. मग उंचीतला फरक भागिले आडवं अंतर, आणि कॅल्क्युलेटरवर टॅन-इन्व्हर्स. समजा वरची खोबण ४०० मीटर अंतरात २५० मीटर उतरते, तो ३२ अंश. मधला चर ६०० मीटरमध्ये २२०, म्हणजे २० अंश. पंखा ५५० मीटरमध्ये १००, म्हणजे १० अंश. संपूर्ण घळीचा एकच सरासरी उतार काढू नका, या उदाहरणात तो २० येईल आणि त्यातनं काहीच कळणार नाही. तुकड्या-तुकड्याने काढला की दिसतं की वर दरड कोसळण्याएवढा उतार आहे पण माल १० अंशांच्या जमिनीवरनंही पुढे गेलाय, म्हणजे त्याला कोणीतरी वाहतं केलं होतं, पाण्याने, चिखलाने किंवा गॅसने. (अख्खा डोंगर कोसळण्याएवढ्या दरडी सपाटीवरही लांब जातात, ते वेगळं प्रकरण, तिथे हा नियम लावू नका.)

उताराने काय होऊ शकतं याचा किस्सा सांगतो. २०११ मध्ये उन्हाळ्यात वाढणाऱ्या आणि थंडीत पुसट होणाऱ्या काळ्या रेघा उतारांवर सापडल्या. २०१५ मध्ये तिथे पाणी धरून ठेवणाऱ्या क्षारांच्या खुणा मिळाल्या आणि जगभर बातमी झाली, मंगळावर वाहतं पाणी! मग २०१७ मध्ये या रेघांचा उतार नीट मोजला गेला, आणि त्या फक्त २७ अंशांपेक्षा तीव्र उतारावरच निघाल्या, उतार कमी झाला की संपतात. पाणी असतं तर खाली सपाटीला गेलं असतं, आपणहून कशाला थांबेल. वाळूच जास्त पटते.

एक पथ्य: उतार आजचा असतो, चर जुना. बाल्टिस व्हॅलिसचा तळ आज वरखाली होतो, काही ठिकाणी "प्रवाह" चढावर जातो, कारण नंतर जमीन वाकली. अब्जावधी वर्षं जुन्या चराच्या बाबतीत अंशाअर्ध्या अंशावरनं भांडू नये.

पायरी ६: हवा, ऋतू आणि घळीचं तोंड

मंगळावर हवेचा दाब सरासरी ६ मिलीबार, पृथ्वीच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी, आणि पाणी द्रव राहायला किमान ६.१ लागतो. म्हणजे आज बाहेर ओतलेलं पाणी एकाच वेळी उकळतं आणि गोठतं. एवढा कमी दाब ठेवून प्रयोगशाळेत वाळूवर पाणी सोडलं तर ते उकळून वाळूचे कण हवेत उडवतं, म्हणजे थोडं पाणीसुद्धा आपल्या कल्पनेपेक्षा जास्त वाळू हलवू शकतं.

मंगळाच्या घळी जास्त करून ३० अंशांच्या पलीकडे, दक्षिण गोलार्धात जास्त, आणि ३० ते ४५ च्या पट्ट्यात बऱ्याचशा ध्रुवाकडे तोंड करून. म्हणजे सावलीकडच्या, थंड उतारांवर. वितळणाऱ्या पाण्यासाठी विचित्र, गोठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसाठी अगदी सोयीचं. हवा ९५ टक्के त्याचीच आहे आणि उणे १२५ अंशांच्या आसपास ती दहिवरासारखी जमते. आज ज्या घळींत नवीन माल पडताना दिसतो तो याच दहिवराच्या मोसमात, हे आता वर्षानुवर्षांच्या फोटोंनी दाखवलंय.

मग आपला निकाल कोरडा बर्फ? आजच्या हालचालीसाठी हो, पूर्ण घळ कोरण्यासाठी मी एवढ्यात सही करणार नाही. मंगळाचा आस सध्या २५ अंश कललाय, पण तो डुलतो, आणि ३५ अंशांपर्यंत गेला की घळींच्या जागी दाब आणि तापमान दोन्ही पाणी वितळण्याएवढं वाढू शकतं, शेवटचं साधारण ६,३०,००० वर्षांपूर्वी असं २०२३ च्या एका अभ्यासात निघालं. एकाने खणली, दुसरा आता साफ करतोय, असंही असू शकतं.

पायरी ७: ट्रेमध्ये करून बघा

एक लांब ट्रे घ्या, पाच-सहा सेंटीमीटर बारीक वाळू भरा, ओली करून दाबा, एक टोक १० अंश उचला, दुसऱ्या टोकाला पाणी निघायला भोक ठेवा. पहिल्यांदा स्प्रेच्या बाटलीने वरनं फवारा: टोकदार डोकी, फांद्या. दुसऱ्यांदा वाळू सपाट करून, वरच्या टोकाला भोकं पाडलेली नळी पुरून तिच्यातनं हळूहळू पाणी सोडा: काही वेळ काहीच होत नाही, मग खालच्या बाजूला वाळू चमकायला लागते, एक तुकडा सुटतो आणि बोथट डोकं मागे मागे चालत येतं. मला पहिल्या तीन वेळा जमलं नाही, पाणी जास्त सोडत होतो, थेंब थेंबच हवं. तिसऱ्यांदा कोरडी वाळू, ट्रे ३५ अंश, वरनं चिमूट चिमूट टाका: जिभेसारखे पातळ लोट येतात, आणि चर पडायच्या ऐवजी भरून निघतो. तिन्हीचे वरनं, तिरक्या उजेडात फोटो काढा आणि फोनवर बघा, पायरी २ मधला गोंधळ इथेही होतो.

पायरी ८: तीच जागा, दुसरा मोसम

शेवटचं काम चिकाटीचं. एकाच घळीचे वेगवेगळ्या वेळचे हायराइज फोटो शोधा. प्रत्येकाबरोबर सौर रेखांश नावाचा आकडा असतो, ० ते ३६०, तो मंगळाचा ऋतू सांगतो, ९० ते १८० म्हणजे दक्षिणेचा हिवाळा. मंगळाचं वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं, त्यामुळे तारखांवरनं ऋतू जुळवायला जाऊ नका. दोन वेगळ्या मंगळवर्षांतले पण जवळपास सारख्या आकड्याचे फोटो घ्या म्हणजे उजेड सारखा येतो, एकावर एक ठेवा आणि पंख्याच्या खालच्या कडेवरचे आठ-दहा मोठे दगड खूण म्हणून धरा. त्यातला एखादा गायब झाला, हलला किंवा नवीन मालाखाली अर्धा बुडाला असेल तर मधले फोटो काढून हालचाल कुठल्या आकड्याच्या आत झाली ते घट्ट करत जा, आणि नोंदीत फोटोचं पूर्ण नाव लिहा, नुसतं "ती डावीकडची घळ" लिहून ठेवलेल्या माझ्या दोन वह्या आज मलाच वाचता येत नाहीत.